वॉल्ट्झ, सरोवरे आणि म्हातारा सम्राट : वाचकांचे प्रश्न

दुसरे महायुद्ध संपल्यानंतरच्या पंधरा-सोळा वर्षांत ऑस्ट्रियात गाण्याबजावण्याने भरलेले, सरोवरांच्या काठी आणि राजवाड्यांच्या दालनांत घडणारे, गेलेल्या काळासाठी हळहळणारे प्रेमपट मोठ्या संख्येने निघाले. त्यांच्याविषयी वाचकांनी बरेच प्रश्न विचारले असल्यामुळे या वेळचे सदर त्या एकाच विषयाला दिले आहे. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत. दोन-तीन उत्तरे लांबली आहेत, त्याला इलाज नव्हता.

प्रश्न : ‘सिसी’चे तिन्ही भाग मी उपशीर्षकांच्या आधाराने पाहिले. या चित्रपटांचा उल्लेख नेहमी संगीतमय प्रेमपट असा होतो; परंतु त्यांतील नायक-नायिका प्रेमात पडल्यावरही गाऊ लागत नाहीत. मग त्यांना संगीतमय का म्हणायचे?

उत्तर : आपली शंका रास्त आहे. सिसी हे ऑस्ट्रियाची सम्राज्ञी एलिझाबेथ हिचे लाडके नाव. तिच्यावर १९५५, १९५६ आणि १९५७ साली आलेले हे तीन चित्रपट काटेकोर अर्थाने संगीतपट नाहीत. ते ज्या घराण्यात जन्मले ते घराणे मात्र संगीताचे आहे आणि त्या घराण्याचे नाव ऑपेरेटा. गद्य संवाद, गाणी आणि नृत्य यांची गुंफण असलेला हा हलकाफुलका नाट्यप्रकार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व्हिएन्नात बहरला. योहान श्ट्राउसचे ‘डी फ्लेडरमाउस’ १८७४मध्ये रंगमंचावर आले, फ्रान्झ लेहारचे ‘डी लुस्टिगे विटवे’ १९०५मध्ये आणि एमेरिक कालमानचे ‘डी चार्दाशफ्युर्स्टिन’ १९१५मध्ये. आपल्या संगीत नाटकाशी याची तुलना करण्याचा मोह होतो आणि गद्यातून गाण्यात शिरण्याच्या रीतीपुरती ती खरीही आहे. पण ऑपेरेटाचा प्राण रागदारीच्या विस्तारात नसून नाचाच्या ठेक्यात, विशेषतः वॉल्ट्झच्या तीन मात्रांत असतो, एवढे लक्षात ठेवले म्हणजे पुरे.

आता ‘सिसी’कडे येऊ. या चित्रपटांचा लेखक-दिग्दर्शक अर्न्स्ट मारिश्का याने आपला भाऊ ह्यूबर्ट याच्यासह याच कथेवर एक संगीतिका लिहिली होती. व्हायोलिनवादक फ्रिट्झ क्राइसलर याच्या संगीताने सजलेली ती संगीतिका डिसेंबर १९३२मध्ये व्हिएन्नातील ‘थिएटर आन डेअर वीन’ या नाट्यगृहात आली आणि तिच्यात पाउला वेसेली ही अभिनेत्री सिसी झाली होती. हॉलिवूडनेही तिच्यावरून १९३६मध्ये चित्रपट काढला. दिग्दर्शक योझेफ फोन श्टेर्नबर्ग आणि नायिका ग्रेस मूर ही गायिका. म्हणजे १९५५च्या चित्रपटामागे तेवीस वर्षांचा रंगमंचीय संसार होता. मारिश्काने क्राइसलरची गाणी वगळून आंटोन प्रोफेस याच्याकडून पार्श्वसंगीत करून घेतले, पण सांगाडा तोच ठेवला. ओळख न पटता होणारी पहिली भेट, दोन बहिणींमध्ये अडकलेला राजपुत्र, प्रत्येक गोष्टीत कट शोधणारा विनोदी पोलीस अधिकारी (हे काम योझेफ माइनराड याने केले आहे) आणि सर्व गाठी एका भव्य नृत्यसमारंभात आवळल्या जाणे, या सगळ्या ऑपेरेटाच्या खुणा आहेत. नायक-नायिका रानात फिरायला जातात तो प्रसंग पुन्हा पाहावा. तिथे युगुलगीतासाठी जागा मोकळी ठेवलेली आहे, फक्त ते गीत वाद्यवृंद म्हणतो.

या सगळ्या चित्रपटांना एकच नाव देणे कठीण आहे. ‘इम वाइसन र्योसल’ (१९५२ आणि पुन्हा १९६०) यासारखे काही चित्रपट रंगमंचावरील संगीतिकांची सरळ रूपांतरे आहेत. ‘दास ड्रायमेडरलहाउस’ (१९५८) संगीतकार शूबर्टच्या आयुष्याभोवती फिरतो. ‘कायझरवाल्त्सर’ (१९५३), ‘कायझरमानोव्हर’ (१९५४) आणि ‘डी डॉइचमायस्टर’ (१९५५) हे सम्राट, पलटणी आणि लष्करी बँड यांचे चित्रपट. यांना लागूनच ‘हाइमाटफिल्म’ नावाचा एक शेजारी प्रकार नांदत होता. ‘हाइमाट’ म्हणजे मायभूमी, पण देशापेक्षा आपले खोरे, आपले गाव या अर्थाची. १९५४चा ‘डेअर फ्योर्स्टर फोम झिल्बरवाल्ड’ हा त्याचा ऑस्ट्रियातील ठळक नमुना होय. त्यात हरणे आणि डोंगर इतके आहेत की प्रेमकथेला अधूनमधून वाट काढावी लागते.

प्रश्न : इतके भयंकर युद्ध झाले, शहरे उद्ध्वस्त झाली, आणि लोक सम्राटाच्या लग्नाचे चित्रपट पाहत बसले, हे विचित्र वाटते. याला निव्वळ पलायनवाद म्हणावे का?

उत्तर : पलायन तर होतेच, पण ते कुठून कुठे होते हे पाहिले पाहिजे. पळणारा माणूस नेमक्या कोणत्या दाराने बाहेर पडतो यावरून त्याच्या घराविषयी पुष्कळ कळते.

मार्च १९३८मध्ये ऑस्ट्रिया हिटलरच्या जर्मनीत विलीन झाला आणि व्हिएन्नातील फार मोठ्या जनसमुदायाने त्याचे जल्लोषात स्वागत केले. सात वर्षांनी, एप्रिल १९४५मध्ये, सोव्हिएत सैन्याने ते शहर घेतले. त्याच्या महिनाभर आधी तेथील सरकारी ऑपेरागृह बाँबवर्षावात जळाले होते. पुढील दहा वर्षे अमेरिका, सोव्हिएत संघ, ब्रिटन आणि फ्रान्स यांनी देश चार विभागांत आणि राजधानीही तशीच वाटून घेतली. शहराच्या मध्यभागी चारही राष्ट्रांचे शिपाई संयुक्त गस्त घालत असत आणि श्योनब्रुनच्या राजवाड्यात, म्हणजे पुढे ज्याच्या दालनांत पडद्यावरची सिसी वावरली त्याच वास्तूत, ब्रिटिशांचे मुख्यालय होते.

अशा देशाने आपण कोण आहोत या प्रश्नाचे काय उत्तर द्यायचे? ‘आम्ही जर्मन’ हे उत्तर १९४५नंतर कोणालाच नको होते. १९१८मध्ये साम्राज्य कोसळल्यावर जन्मलेले पहिले प्रजासत्ताक दारिद्र्यात आणि यादवीत संपलेले, त्यानंतरची हुकूमशाही अभिमानाने सांगण्यासारखी नव्हे आणि नाझी काळाविषयी तर बोलायचेच नव्हते. मागे जाता जाता हात टेकायला पहिली भक्कम भिंत सापडत होती ती थेट सम्राट फ्रान्झ योझेफची. १८४८ ते १९१६ अशी अडुसष्ट वर्षे राज्य केलेला हा पांढऱ्या कल्ल्यांचा वृद्ध चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येक प्रेक्षकाच्या बालपणी भिंतीवरच्या तसबिरीत होता. त्याची गोष्ट सांगताना कोणाला ‘तेव्हा तू कुठे होतास?’ असे विचारण्याची वेळ येत नव्हती.

यातून सोयीस्कर असे आणखी एक काम झाले. नोव्हेंबर १९४३च्या मॉस्को घोषणेत मित्रराष्ट्रांनी ऑस्ट्रियाला हिटलरच्या आक्रमणाचा पहिला बळी म्हटले होते. त्याच घोषणेत युद्धातील सहभागाबद्दलच्या जबाबदारीचीही आठवण करून दिली होती. पण देशाने पहिले वाक्य पाठ केले आणि दुसऱ्याकडे काणाडोळा केला. ज्या राष्ट्राला आपण निरुपद्रवी, गाणारे आणि किंचित विसराळू आहोत असे जगाला पटवायचे आहे, त्याच्यासाठी वॉल्ट्झपेक्षा चांगला वकील मिळणे अवघड. हे मी ओढून-ताणून म्हणत नाही. सरकारच्याच पुढाकाराने निघालेल्या ‘१ एप्रिल २०००’ (१९५२) या चित्रपटाचा विषयच तो आहे. तेव्हाच्या भविष्यकाळात घडणाऱ्या या कथेत ऑस्ट्रिया जागतिक शांततेला धोका असल्याच्या आरोपावरून जगापुढे उभा केला जातो आणि आपल्या बचावासाठी इतिहास, संगीत आणि द्राक्षासव सादर करतो.

‘सिसी’च्या पहिल्या भागाची वेळही पाहण्यासारखी आहे. १५ मे १९५५ रोजी बेल्वेदेर राजवाड्यात चार सत्तांशी देशाला पुन्हा स्वातंत्र्य देणारा राज्यकरार झाला. शरद ऋतूत परकीय फौजा निघून गेल्या आणि २६ ऑक्टोबरला संसदेने कायमच्या तटस्थतेचा कायदा संमत केला. ५ नोव्हेंबरला पुनर्बांधणी झालेले ऑपेरागृह बीथोव्हनच्या ‘फिडेलिओ’ने उघडले आणि डिसेंबरमध्ये, नाताळच्या तोंडावर, ‘सिसी’ पडद्यावर आला. ऑपेरागृहातील त्या रात्री वाद्यवृंदापुढे उभा होता कार्ल ब्यॉम आणि ‘सिसी’त तरुण सम्राट झाला तो त्याचाच मुलगा कार्लहाइन्झ. बाप तुरुंगातून सुटणाऱ्या कैद्यांचे संगीत वाजवतो आहे आणि दीड महिन्याने मुलगा सोनेरी गणवेशात लग्न लावतो आहे. हा योगायोगच, पण त्या वर्षीचा ऑस्ट्रिया एवढ्या थोडक्यात दुसरीकडे कुठे पाहायला मिळत नाही.

यातली गंमत अशी की पडद्यावरच्या सम्राटाला टाळ्या देणाऱ्या प्रजासत्ताकाने खऱ्या राजघराण्याला दार बंदच ठेवले होते. हाब्सबुर्ग घराण्याविरुद्धचा १९१९चा कायदा १९५५च्या राज्यकरारानेही कायम ठेवला आणि शेवटच्या सम्राटाचा मुलगा ओटो याला ऑस्ट्रियात पाऊल टाकायला १९६६ साल उजाडावे लागले. दुसरी गंमत पैशाची. आपण जर्मनांहून वेगळे आहोत हे इतक्या गोडव्याने सांगणारे हे चित्रपट पश्चिम जर्मनीतील तिकिटबारीवर जगत होते, कारण सत्तर लाख लोकसंख्येच्या देशात एवढ्या झुंबरांचा खर्च निघणे शक्यच नव्हते.

प्रश्न : या चित्रपटांतील कलावंत युद्धकाळात काय करत होते?

उत्तर : बहुतेक जण हेच करत होते आणि हीच यातील अस्वस्थ करणारी गोष्ट आहे.

व्हिएन्नातील चित्रपटनिर्मिती १९३८नंतर ‘वीन-फिल्म’ या नाझी नियंत्रणाखालील कंपनीत एकवटली. तिच्यात विली फोर्स्ट याने ‘ऑपेरेट’ (१९४०) आणि ‘वीनर ब्लूट’ (१९४२) असे चित्रपट केले. त्यांत नाझी घोषणा नाहीत. जुने व्हिएन्ना, मखमल आणि संगीत आहे. राजवटीला तेही हवेच होते, कारण दमलेल्या, घाबरलेल्या प्रजेला दोन तास गुंगवणे हे युद्धकार्यच होते. युद्धानंतर फोर्स्टने आपल्या या चित्रपटांकडे ऑस्ट्रियापणाचा मूक आग्रह म्हणून पाहिले. ते निखालस खोटे आहे असे मी म्हणणार नाही. पण ज्या हाताने पगार घेतला त्या हाताचाही हिशेब मांडायला हवा. त्याच्या ‘वीनर मेडेल्न’ची कथा या संदर्भात बोलकी आहे. युद्धाच्या अखेरच्या काळात रंगीत फिल्मवर चित्रित होत असलेला हा वॉल्ट्झपट जर्मनीच्या पराभवात अर्धवट अडकला आणि १९४९मध्ये प्रदर्शित झाला. एका राजवटीत सुरू केलेले नृत्य दुसऱ्या राजवटीत पुरे झाले आणि पडद्यावर त्याचा सांधा दिसला नाही. युद्धोत्तर चित्रपटांना काही नव्याने शोधावे लागले नाही, ते इतक्या लवकर कसे उभे राहिले, याचे उत्तर त्या न दिसणाऱ्या सांध्यात आहे.

माणसामाणसांत मात्र फरक करायला हवा. पाउला वेसेली आणि तिचा पती आटिला ह्योर्बिगर यांनी ‘हाइमकेअर’ (१९४१) या उघड विद्वेषी प्रचारपटात भूमिका केल्या. आटिलाचा भाऊ पॉल ह्योर्बिगर, म्हणजे या प्रकारच्या चित्रपटांतला सर्वांचा लाडका काका, याला १९४५च्या आरंभी राजद्रोहाच्या आरोपावरून अटक झाली आणि युद्ध संपले म्हणून तो वाचला. हान्स मोझर या विनोदी नटाची पत्नी ज्यू होती. तिला हंगेरीत आश्रय घ्यावा लागला आणि इकडे तो त्याच राजवटीच्या चित्रपटांत लोकांना हसवत राहिला.

आणि काही जण परत आलेच नाहीत. ऑपेरेटाचे कितीतरी गीतकार, संगीतकार, निर्माते ज्यू होते. लेहारच्या ‘दास लांड देस लेखेल्न्स’ची गीते लिहिणारा फ्रिट्झ ल्योनर-बेडा १९४२मध्ये आउशविट्झच्या छळछावणीत मारला गेला. गीतकार आणि प्रहसनकार फ्रिट्झ ग्रुनबाउम १९४१मध्ये डाखाउत मरण पावला. संगीतकार रोबर्ट श्टोल्झ स्वतः ज्यू नसतानाही देश सोडून गेला आणि १९४६मध्ये परतला. ‘इम वाइसन र्योसल’ ही संगीतिका मुळात १९३०मध्ये बर्लिनच्या रंगमंचावर आली. तिचा संगीतकार राल्फ बेनाट्झ्की आणि गीतकार रोबर्ट गिल्बर्ट दोघांनाही परागंदा व्हावे लागले आणि नाझी राजवटीत ती संगीतिका वर्ज्य ठरली. १९५२मध्ये तिच्यावरून पुन्हा रंगीत चित्रपट निघाला तेव्हा दिग्दर्शक कोण असावा? विली फोर्स्ट. मधल्या वर्षांत या गाण्यांना काय सोसावे लागले याचा त्या प्रसन्न सरोवरावर एक तरंगही उठत नाही.

हे कळल्यावर हे चित्रपट पाहूच नयेत काय, असे एका वाचिकेने पोटतिडकीने विचारले आहे. मी स्वतः पाहतो आणि त्यांतील काही मला मनापासून आवडतात. मात्र श्रेयनामावलीतील नावे वाचताना, तिथे कोणती नावे नाहीत हेही वाचण्याची सवय मला लागली आहे.

प्रश्न : ‘सिसी’त दाखवलेला इतिहास कितपत खरा आहे?

उत्तर : चौकट खरी, चित्र रंगवलेले. बव्हेरियाची राजकन्या एलिझाबेथ आणि फ्रान्झ योझेफ यांची गाठ ऑगस्ट १८५३मध्ये बाड इश्ल या उन्हाळी मुक्कामी पडली. त्याच्यासाठी योजली होती ती तिची थोरली बहीण हेलेन, आणि त्याने निवडली धाकटी, हेही खरे. २४ एप्रिल १८५४ रोजी लग्न झाले तेव्हा ती सोळा वर्षांची होती. सासू आर्चडचेस सोफी ही तिची सख्खी मावशी होती. मासे पकडण्याच्या गळात सम्राटाचा कोट अडकण्याचा प्रसंग मात्र केवळ मारिश्काचा आहे. वधूचे माहेर असलेले पोसेनहोफेन बव्हेरियात असून चित्रपटात त्याच्या जागी दिसते ते साल्झबुर्गजवळच्या फुश्ल सरोवराकाठचे गढीवजा घर.

खरी कसरत दुसऱ्या आणि तिसऱ्या भागांत आहे. दुसरा भाग हंगेरीच्या राणीपदाच्या राज्याभिषेकाने संपतो, जो प्रत्यक्षात १८६७मध्ये झाला. तिसरा भाग व्हेनिसच्या सेंट मार्क चौकात संपतो, जिथे रुसलेली इटालियन प्रजा आईकडे धावणारी चिमुकली मुलगी पाहून विरघळते. सम्राट दांपत्याचा तो इटलीचा दौरा १८५६-५७च्या हिवाळ्यातला आहे. म्हणजे दहा वर्षे आधीची घटना नंतर घडते. आणि राज्याभिषेकापर्यंत व्हेनिस ऑस्ट्रियाच्या हातातून निसटून इटलीच्या राज्यात गेलेही होते. मिलानच्या प्रसंगात अमीर-उमराव आपल्या जागी नोकरांना नाट्यगृहात पाठवतात आणि प्रेक्षक व्हेर्दीच्या ‘नाबुक्को’तील गुलामांचे समूहगीत म्हणतात. ऑस्ट्रियाची सत्ता कोणाला तरी नको होती हे या मालिकेत मोठ्याने म्हटले जाते ते एवढ्याच ठिकाणी, आणि त्यावरचा उतारा आहे सिसीचे हसू.

या दांपत्याची पहिली मुलगी सोफी १८५७मध्ये, दोन वर्षांची असताना, हंगेरीच्या प्रवासात वारली. मुलगा रुडॉल्फ याने १८८९मध्ये मायरलिंग येथे आत्महत्या केली. स्वतः एलिझाबेथ १० सप्टेंबर १८९८ रोजी जिनिव्हात लुइजी लुकेनी या इटालियन अराजकवाद्याच्या हातून मारली गेली. यातले काहीही चित्रपटांत नाही. तिने लिहून ठेवलेल्या कविता तर तेव्हा कोणी वाचल्याच नव्हत्या. त्यांत तिने हाब्सबुर्ग कुटुंबाची यथेच्छ टवाळी केली आहे. कुलुपबंद पेटीतून साठ वर्षांनी स्वित्झर्लंडच्या राष्ट्राध्यक्षांच्या हाती पडावी अशी व्यवस्था तिने ज्या लेखनासाठी केली होती, ते पुस्तकरूपाने १९८४मध्ये प्रसिद्ध झाले. मारिश्काच्या गोड मुलीत आणि त्या कवितांच्या कडवट लेखिकेत घोडेस्वारीचे वेड तेवढे समान आहे.

प्रश्न : या चित्रपटांचे रंग इतके मिठाईसारखे का दिसतात?

उत्तर : काही अंशी ते आग्फाकलर या जर्मन फिल्मचे लक्षण आहे. हॉलिवूडच्या टेक्निकलरचे रंग भडक आणि ठाशीव असत, तर आग्फाकलरचे मऊ, किंचित दुधाळ. तिचा कारखाना वोल्फेन या गावी होता आणि ते गाव युद्धानंतर सोव्हिएत विभागात गेले. व्हिएन्नातील रोझनह्यूगल हा मोठा स्टुडिओही सोव्हिएत प्रशासनाखाली होता. मारिका र्योक हिची भूमिका असलेला युद्धोत्तर ऑस्ट्रियाचा पहिला रंगीत कथापट ‘किंड डेअर डोनाउ’ (१९५०) तिथेच तयार झाला, यात मला तरी मौज वाटते. साम्यवादी व्यवस्थापनाने काढलेला पहिला रंगीत चित्रपट असा डॅन्यूबकाठचा नाचगाण्याचा निघाला. बाकी मिठाई कला-दिग्दर्शकांची. गुलाबी, फिकट निळा आणि सोनेरी यांपलीकडे ते सहसा गेले नाहीत.

प्रश्न : ‘द साउंड ऑफ म्युझिक’ याच परंपरेतला म्हणावा का?

उत्तर : आतेभाऊ म्हणावा. १९३८मध्ये देश सोडणाऱ्या ट्राप कुटुंबाच्या खऱ्या कथेवर पहिले चित्रपट पश्चिम जर्मनीत निघाले. वोल्फगांग लीबनायनरचा ‘डी ट्राप-फामिली’ १९५६मध्ये आणि त्याचा उत्तरार्ध १९५८मध्ये. हा लीबनायनर तोच, ज्याने वर उल्लेख केलेला ‘१ एप्रिल २०००’ दिग्दर्शित केला होता. त्या चित्रपटांपासून १९५९ची ब्रॉडवेवरील संगीतिका आणि तिच्यापासून १९६५चा अमेरिकन चित्रपट झाला. साल्झबुर्गमध्ये चित्रित होऊनही तो ऑस्ट्रियात चालला नाही आणि आजही तेथील पुष्कळांनी तो पाहिलेला नसतो. लोकांना आपली गोष्ट परक्याच्या सुरात ऐकू आली हे एक कारण असावे, आणि त्यात नाझी दिसतात हे दुसरे. जाता जाता, ‘एडलवाइस’ हे ऑस्ट्रियाचे लोकगीत किंवा राष्ट्रगीत नव्हे. ते रॉजर्स आणि हॅमरस्टाइन या अमेरिकन जोडीने त्या संगीतिकेसाठी रचले.

प्रश्न : रोमी श्नायडरने चौथा ‘सिसी’ का नाकारला?

उत्तर : तिन्ही भागांत सिसी झालेली रोमी तेव्हा एकोणीस वर्षांची होती आणि कंटाळली होती. तिची आई माग्दा श्नायडर ही तीसच्या दशकातील तारका होती आणि ‘सिसी’त पडद्यावरही तिची आईच झाली होती. घरी आई, चित्रीकरणाला आई, पडद्यावर आई, अशी ती अवस्था. ही भूमिका आपल्याला रव्याच्या लापशीसारखी चिकटली आहे, अशा अर्थाचे तिचे उद्गार प्रसिद्ध आहेत. १९५८मध्ये ‘क्रिस्टिन’ या चित्रपटाच्या निमित्ताने आलँ देलाँशी तिची गाठ पडली आणि ती पॅरिसला गेली. जर्मन-ऑस्ट्रियन प्रेक्षकांनी ते सहजासहजी क्षमा केले नाही. पुढे लुकिनो व्हिस्कोन्ती याच्या ‘लुडविग’ या चित्रपटात तिने पुन्हा एलिझाबेथ केली, तीही काळ्या वेषातली, थंड, उपरोधिक आणि एकाकी. तिन्ही ‘सिसी’ पाहिल्यावर तो आवर्जून पाहावा.

कार्लहाइन्झ ब्यॉमनेही आपला सम्राट असाच फोडून काढला. १९६०मध्ये मायकेल पॉवेलच्या ‘पीपिंग टॉम’मध्ये तो स्त्रियांना मारणारा विकृत छायाचित्रकार झाला आणि सत्तरच्या दशकात फासबिंडरच्या चित्रपटांत दिसला. १९८१मध्ये त्याने इथिओपियातील दुष्काळग्रस्तांसाठी संस्था काढली आणि उरलेले आयुष्य बहुतांशी त्या कामाला दिले.

प्रश्न : मला जर्मन थोडेफार येते, तरीही हान्स मोझरचे एक वाक्य कळत नाही. दोष माझा की ध्वनिमुद्रणाचा?

उत्तर : दोघांचाही नाही. मोझर पुटपुटत असे आणि त्याची कला त्या पुटपुटण्यातच होती. व्हिएन्नाच्या बोलीत अर्धे वाक्य गिळून, मध्येच शब्द मागे घेऊन, हातांची अस्वस्थ हालचाल करत तो बोलतो. जर्मनीतील प्रेक्षकांनाही त्याचे शब्दन्‌शब्द कळत नसत. ‘हालो डीन्स्टमान’ (१९५२) पाहावा. त्यात तो रेल्वे स्थानकावरचा हमाल आहे आणि एक अवजड पेटी उचलण्याचा त्याचा विनोद शब्दांवाचूनही पोहोचतो.

प्रश्न : यांपैकी एकच पाहायचा असेल तर कोणता?

उत्तर : मी ‘सिसी’ सांगणार नाही. १९४७चा ‘डेअर होफराट गायगर’ पाहावा. तो कृष्णधवल आहे, त्यात राजवाडे नाहीत आणि घडतो तो वर्तमानात, टंचाईच्या ऑस्ट्रियात. निवृत्त झालेला एक सरकारी अधिकारी करमत नाही म्हणून घरी जुन्या फायली चाळत बसतो. पॉल ह्योर्बिगर हा तो अधिकारी आणि हान्स मोझर त्याचा सेवक. त्या फायलींत त्याला एका स्त्रीचा नागरिकत्वासाठीचा अर्ज सापडतो. ती त्याची कधीकाळची प्रेयसी असते आणि तिला त्याच्यापासून झालेली एक मुलगी डॅन्यूबकाठच्या वाखाउ खोऱ्यात वाढते आहे हे त्याला तेव्हा कळते. मुलीचे नाव मारियांडल आणि त्याच नावाचे हान्स लांगने बांधलेले गाणे अवघ्या देशाच्या तोंडी झाले. नागरिकत्व कोणाला, कोणत्या कागदावर, हा त्या वर्षीचा सर्वांत जिव्हारी लागणारा प्रश्न होता आणि चित्रपट तो लग्नाच्या निमित्ताने हसत-गात सोडवतो. जर्द्राळूची झाडे, श्पिट्झ गावच्या गल्ल्या आणि नदी यांत दारिद्र्य लपत नाही, म्हणून त्याचा गोडवा मला खरा वाटतो. मारियांडल झालेली वाल्ट्राउट हास १९६१च्या रंगीत आवृत्तीत मुलीच्या आईची भूमिका करते. तोवर फायली, टंचाई सारे पुसले गेले होते आणि मुलगी झाली होती पॉप गायिका कोनी फ्रोबोएस.

जमल्यास त्याच आठवड्यात कॅरल रीडचा ‘द थर्ड मॅन’ (१९४९) पाहावा. तो याच व्हिएन्नाचा, पण ढिगाऱ्यांचा, काळ्या बाजाराचा आणि गटारांचा. त्यातल्या इमारतीच्या रखवालदाराला आपण ओळखाल. तो पॉल ह्योर्बिगरच आहे. मेलेला माणूस आता कुठे असेल हे परदेशी पाहुण्याला मोडक्या इंग्रजीत सांगताना तो नरक म्हणून वर बोट दाखवतो आणि स्वर्ग म्हणून खाली.